शून्य आणि रेघ

माझ्या वडिलांची, अण्णांची, वही अजून माझ्याकडे आहे. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, कडेला ओल लागून फुगलेली. आत हाताने आखलेले रकाने : तारीख, वेळ, पाऊस, शेरा. आकडे निळ्या शाईत, आणि मधूनच एखाद्या चौकटीत लाल पेन्सिलीची आडवी रेघ. अशा रेघा मी एकदा मोजल्या, सतरा भरल्या. माझी सगळी नोकरी मोजमापाच्या उपकरणांत गेली, पण या धंद्यातलं सगळ्यांत मोठं शिक्षण मला त्या सतरा रेघांनी दिलं.

अण्णा कोयनेच्या पाणलोटातल्या एका चौकीवर पाऊस मोजायचे. घरापासून शंभरेक पावलांवर तारेच्या कुंपणात सिमेंटचं जोतं होतं, त्यात रेनगेज बसवलेलं. रेनगेज म्हणजे वर नरसाळं आणि आत बाटली, एवढंच. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच. त्याहून खाली असली तर आसपासचे शिंतोडे आत उडतात, फार वर नेली तर वारा थेंब पळवतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बाटलीत २० मिलिलिटर पाणी, चहाचे चार चमचे. सकाळी साडेआठला अण्णा बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतत, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीशी आणत आणि आकडा मोठ्याने म्हणत. वही धरायचं काम माझं. देशभर हाच साडेआठचा ठोका. आज सकाळी साडेआठला मोजला तो पाऊस आजच्या तारखेत पडतो, जरी त्यातला बहुतेक काल दुपारी आणि रात्री कोसळलेला असला तरी.

आमच्याकडे आषाढात दिवसाला २०० मिलिमीटर म्हणजे काही विशेष नव्हतं. ४ लिटरची बाटली तेवढ्यात काठोकाठ भरते, पुढचं पाणी बाहेर सांडतं. म्हणून पावसाळ्यात अण्णा दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, इरलं घेऊन कंदिलाच्या उजेडात जात. आलेला आकडा वायरलेसवरून खाली जाई. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर ही तीन नावं आणि त्यांच्यापुढचे मिलिमीटर सातारा-सांगलीच्या माणसाला तोंडपाठ असतात. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडलं की नजर आधी तिकडे जाते, कारण त्यावरून कोयना धरणाचे दरवाजे कधी उचलणार आणि कृष्णाकाठी पाणी कुठवर चढणार याचा अंदाज बांधायचा असतो. धरणाचं पाणलोट क्षेत्र ८९१.७८ चौरस किलोमीटर, साठवण १०५.२५ टीएमसी. एवढ्या डोंगरदऱ्यांवर पडलेलं पाणी समजून घ्यायचं ते मोजक्या नरसाळ्यांवरून. आज ज्याला वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणतात, ते तेव्हाही होतं. फक्त सेन्सरच्या जागी इरलं पांघरलेली माणसं होती.

एका वर्षी जुलैमध्ये एका रात्री मधल्या ओढ्याला असं पाणी आलं की अडीचच्या वाचनाला जाणं शक्यच नव्हतं. अण्णा दाराशी कंदील घेऊन उभे राहिले आणि परत फिरले. साडेपाचला पाणी उतरल्यावर गेले, बाटली मोजली आणि सहा तासांचा मिळून आकडा साडेपाचच्या चौकटीत लिहिला. अडीचच्या चौकटीत लाल रेघ. वायरलेसवरचा माणूस म्हणाला, “अण्णा, दोन्हीकडं निम्मा निम्मा लिवू का?” अण्णा म्हणाले, “निम्मा पडला का समदा रातीलाच पडला, ते मला कुठं ठावं? रेघ हाय म्हणून सांग.”

मी विचारलं, “मग शून्य का नाही लिहिलं?”

“पोरी, शून्य म्हंजे मी जाऊन बघितलं आन् पाऊस न्हवता. रेघ म्हंजे मी बघितलंच न्हाई. दोन्हीत लई अंतर हाय.”

पाऊस मोजायचा हा धंदा फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी हातभर तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवावं असं सांगितलं आहे आणि प्रदेशाप्रदेशाचा पाऊस द्रोणांत दिला आहे. अश्मकात, म्हणजे गोदावरीच्या अंगाला, साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप. सारा ठरवायचा, पेरणीचा अंदाज बांधायचा, तर पाऊस मोजायलाच हवा, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना कळलेलं होतं. साध्या रेनगेजशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते जॉर्ज सायमन्स मात्र इंग्लंडचे. १८६० साली त्यांनी पाद्री, शाळामास्तर, जमीनदार, डॉक्टर अशा दीडशेच्या वर हौशी लोकांकडून पावसाची वाचनं गोळा करायला घेतली. १९०० साली ते वारले तेव्हा त्यांना आकडे पाठवणारे तीन हजारांहून अधिक होते. सगळ्यांची पात्रं सारखी हवीत, वेळ सारखी हवी, नाहीतर एका गावचा पाऊस दुसऱ्या गावच्या पावसाशी ताडून बघता येणार नाही, हा त्यांचा आग्रह. अण्णांचा साडेआठचा ठोका हा त्याच आग्रहाचा नमुना.

पण किती वेळाने बघायचं? त्याचं उत्तर आपल्या मुंबईनेच एकदा दिलं आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. कंपनी सरकारने ती ताऱ्यांच्या वेधांसाठी बांधली. १८४१ पासून तिथे हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची वाचनं नियमाने होऊ लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांपाशी अचानक लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशी कुलाब्यातल्या चुंबकाची सुई भलतीकडे जाऊ लागली. तिथला नेम असा की एरवी वाचन तासाला एक. सुई बिथरली की पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी. निरीक्षकांनी तो नेम पाळला. म्हणून आज आपल्याला सांगता येतं की त्या सकाळी मुंबईत पृथ्वीचं आडवं चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलं. ज्ञात इतिहासातल्या त्या सर्वांत मोठ्या सौरवादळाचा अभ्यास दीडशे वर्षांनी ज्या नोंदींवरून झाला, त्यांत कुलाब्याची वही अग्रभागी आहे. तेच आकडे तासाची सरासरी काढून बघा, घट जवळजवळ निम्मी दिसते. वादळ तेच, सुई तीच. फक्त मधल्या वाचनांमुळे त्याचं खरं रूप हाती लागलं.

हे गणितात मांडलं ते पुढे विसाव्या शतकात. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली. मी नवख्या पोरांना ते पाळण्याने समजावते. पाळणा पाच सेकंदांत एक झोका घेतो आणि तुम्ही बरोबर पाच-पाच सेकंदांनी क्षणभर डोळे उघडता. दर वेळी पाळणा त्याच जागी दिसेल, आणि तो हलतच नाही असं तुम्ही शपथेवर सांगाल. झोका ओळखायचा तर एका झोक्यात दोनदाहून अधिक वेळा बघायलाच हवं. त्याहून कमी बघितलंत तर नुसतं कमी कळत नाही, चुकीचं कळतं.

त्याच कुलाब्याने आणखी एक धडा घालून दिला. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर सुई त्या विजेने हलणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. चुंबकीय नोंदींसाठी अलिबागला लोखंडाचा खिळाही न वापरता, पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचनं घेतली, दोहोंतला फरक नीट पारखला आणि मगच कुलाब्याची थांबवली. म्हणून ती साखळी आजवर अखंड आहे.

कराडला डिप्लोमा करून मी १९८१ साली पुण्यात उपकरणांच्या एका लहान कारखान्यात लागले. शिवाजीनगरला शिमला ऑफिस म्हणून जी दगडी इमारत आहे तिच्यावरून रोज जायची. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासून ते नाव. याच पुण्यात अ‍ॅना मणी १९४८ साली रुजू झाल्या आणि इंग्लंडहून मागवावी लागणारी हवामानाची उपकरणं इथेच बनावीत म्हणून शंभरेक उपकरणांची प्रमाण चित्रं त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. एक बाई त्या कार्यशाळेत मापाच्या अचूकपणावर ठाम उभी राहते, ही गोष्ट आमच्या पिढीच्या मुलींना फार धीर देणारी होती.

कारखान्यात मी पहिल्यांदा हाताळलं ते सायफनचं स्वयंलेखी पर्जन्यमापक. नरसाळ्यातलं पाणी एका भांड्यात येतं, आतला तरंगता डबा वर चढतो, त्याला जोडलेलं पेन घड्याळाच्या चावीने फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढतं. १० मिलिमीटर झाले की भांडं आपोआप सायफनने रिकामं होतं आणि पेन सरळ तळाशी येतं. रिमझिम असेल तर रेघ जेमतेम तिरपी, मुसळधार असेल तर करवतीच्या दातांसारखी उभी, दाटीवाटीने. पहिला कागद हातात आला तेव्हा मला ओढ्याची ती रात्र आठवली. हे यंत्र चौकीवर असतं तर अडीचच्या चौकटीत काय होतं ते कळलं असतं.

वेळेच्या फटी अशा बुजत आल्या, जागेच्या फटी मात्र तशाच होत्या. २६ जुलै २००५ ला त्यांची किंमत मुंबईने मोजली. माझी धाकटी बहीण त्या दिवशी फोर्टात कामावर होती. तिकडे रोजच्यासारखा पाऊस. चारच्या सुमारास ती कुर्ल्याला घरी जायला निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली, कमरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसांचे हात धरून. त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, सांताक्रूझला ९४४.२. दोहोंत अंतर जेमतेम २५ किलोमीटर. विहार तलावापाशी तर हजार मिलिमीटरच्याही वर. सांताक्रूझला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९०.३ मिलिमीटर कोसळले. एवढ्या मोठ्या शहरासाठी हवामान खात्याची वेधशाळा कुलाबा आणि सांताक्रूझ अशी दोनच ठिकाणी, आणि डॉप्लर रडार तेव्हा नव्हतं. फोर्टातून निघणाऱ्या माणसाला कुर्ल्यात काय चाललंय हे सांगणारं काहीच नव्हतं. एक नरसाळं खरं सांगत होतं, दुसरंही खरंच सांगत होतं, आणि मधल्या माणसांचं काय झालं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. २००६ च्या पावसाळ्यापासून महापालिकेने अग्निशमन केंद्रांच्या आणि पालिकेच्या इमारतींच्या गच्च्यांवर स्वयंचलित केंद्रं बसवली; दर पंधरा मिनिटांनी आकडा नियंत्रण कक्षात पोचू लागला. पुढे ती साठापर्यंत आणि त्याही पुढे गेली. साठ धरली तरी एका केंद्राच्या वाट्याला सात-आठ चौरस किलोमीटर येतात.

या केंद्रांतलं मापक वेगळं असतं. नरसाळ्याखाली सी-सॉसारख्या पट्टीवर दोन चिमुकल्या वाट्या. एकीत ०.२ मिलिमीटर पावसाइतकं पाणी साचलं की ती कलंडते, दुसरी वर येते, पट्टीवरचं लोहचुंबक एका स्विचवरून सरकतं आणि एक टिकटिक नोंदली जाते. पाऊस नसेल तर शांतता. सांताक्रूझचा तो १९०.३ मिलिमीटरचा तास या वाट्यांनी मोजायचा म्हटला तर साडेनऊशेच्या वर टिकटिका, दर पावणेचार सेकंदांना एक. वाटी कलंडते त्या क्षणार्धात पडलेलं पाणी हिशेबातून निसटतं, म्हणून जोराचा पाऊस हे मापक थोडा कमीच दाखवतं. ती तूट भरून काढायला कारखान्यात आम्ही ठरावीक वेगाने पाणी सोडून प्रत्येक मापक पारखत असू.

मोजमापाच्या जगात हाच काळ बिनतारी चिमुकल्या सेन्सरांचा. २००२ साली अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक आयलंड बेटावर संशोधकांनी समुद्रपक्ष्यांच्या बिळांत आणि बिळांबाहेर ३२ सेन्सर ठेवले. माणूस वारंवार गेला तर पक्षी अंडी सोडून जातात, म्हणून आतलं तापमान आणि दमटपणा रेडिओने बाहेर आणायचा. पुढे कॅलिफोर्नियात सोनोमा इथे ७० मीटर उंचीच्या एका रेडवूड झाडावर शेंड्यापर्यंत सेन्सर बांधून ४४ दिवस दर पाच मिनिटांनी वाचनं घेतली. एकाच झाडाच्या अंगावर सकाळ निरनिराळ्या वेळी उजाडते, हे त्यातून आकड्यांत दिसलं. पण रेडिओवरून निघालेल्या आकड्यांचा मोठा भाग वाटेतच हरवला. बॅटरीचं दुखणं वेगळंच : या यंत्रांची शक्ती सर्वांत जास्त खर्च होते ती बोलण्यात, म्हणून त्यांना बहुतेक वेळ झोपवून ठेवावं लागतं. वरचेवर बघावं तर बॅटरी मरते, क्वचित बघावं तर पाळण्याचा झोका हुकतो. अण्णांना रात्री दर तीन तासांनी उठावं लागे, तोच हिशेब.

हरवलेल्या चौकटी आणि मधल्या जागा भरायच्या कशा, यावरही पिढ्यान्‌पिढ्या काम झालं. १९११ साली आल्फ्रेड थीसन यांनी सोपी रीत सांगितली : प्रत्येक जागा जवळच्या मापकाला वाटून टाका. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रीग यांनी सोन्याच्या खाणींत मोजक्या छिद्रांतल्या नमुन्यांवरून मधल्या खडकातल्या सोन्याचा अंदाज बांधला. त्यावरून फ्रान्सच्या जॉर्ज माथरों यांनी १९६० च्या दशकात शास्त्र उभं केलं, त्याला क्रीगिंग म्हणतात. मला ते फार जवळचं वाटतं, कारण ते दर जागी दोन आकडे देतं : अंदाज किती, आणि तो किती चुकलेला असू शकतो. मापकापासून जसजसं दूर जावं तसतसा दुसरा आकडा वाढत जातो. म्हणजे ती गणिताने मारलेली लाल रेघच.

आणि नेमकी ती रेघच आपल्या कामांत पुसली जाते. निवृत्तीआधी काही वर्षं मी एका जाळ्याचे आकडे तपासत असे. एका पावसाळ्यात एक केंद्र सलग अकरा दिवस शून्य सांगत होतं आणि आजूबाजूची सगळी भिजलेली. मी जाऊन झाकण उघडलं. नरसाळ्याच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, गुळगुळीत, नखाएवढं. वर वीतभर पाणी आणि पाचोळा तुंबलेला, खाली वाट्या कोरड्या ठणठणीत. टिकटिक नाही म्हणजे पाऊस नाही, असं धरून यंत्र अकरा दिवस शून्य लिहीत राहिलं; आणि त्या शून्याने साऱ्या परिसराची सरासरी खाली ओढली होती. मी परत येऊन ते अकरा आकडे खोडले आणि जागा रिकाम्या ठेवल्या. वर विचारणा झाली की तक्ता अपुरा का. मी म्हटलं, तो आता खरा झाला आहे.

कोणाला वाटेल, एवढा काय फरक पडतो? विचारा शेतकऱ्याला. आपल्याकडे एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि मदतीचा हिशेब त्यावर बसतो. महावेध प्रकल्पात राज्यातल्या मंडळामंडळांत मिळून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, ही फार मोठी गोष्ट आहे. तरी राज्याच्या क्षेत्रफळाला भागलं तर एका केंद्राच्या वाट्याला सुमारे दीडशे चौरस किलोमीटर येतात. २०० चौरस सेंटिमीटरचं नरसाळं धरलं, तर ते स्वतःच्या तोंडाच्या साडेसातशे कोटी पट जमिनीच्या वतीने बोलतं. माझ्या नणंदेच्या गावी एका सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं. मंडळाच्या गावी, दहा किलोमीटरवर, आकडा ६१ चा. शिवारातलं पाणी डोळ्यांनी दिसत होतं, कागदावर ते पडलंच नव्हतं. त्या ६१ च्या शेजारी एवढं जरी छापलेलं असतं की हा आकडा त्या गावचा आहे, तुमच्या शिवाराचा केवळ अंदाज, तर निदान पंचनाम्याला कोणी बांधावर आलं असतं.

म्हणून मोबाईलवर पावसाचे रंगीत नकाशे बघताना माझा जीव थोडा खालीवर होतो. हिरवा, पिवळा, लाल, सलग पसरलेला. कुठे भोक नाही, कुठे फट नाही. खाली खरी मापकं किती आणि नुसता अंदाजाने भरलेला रंग किती, हे त्यावर दिसत नाही. जाळी आणखी दाट व्हावीत, दर गावाला मापक यावं, हे तर मागायलाच हवं. त्याबरोबर हेही मागायला हवं, की जिथे बघितलं नाही तिथे बघितलं नाही असं लिहा. रेघ मारलेली असली की निदान तिथे कोणीतरी जाऊन बघतं. शून्य लिहिलं की कोणी फिरकत नाही.

माझ्या गच्चीवर एक जुनं रेनगेज आहे. रोज साडेआठला गुडघा दुमडून मी डोळा पाण्याच्या पातळीशी आणते. गेल्या जुलैत भाचीच्या लग्नाला कराडला गेले होते. परत आल्यावर बाटलीत चार दिवसांचे मिळून ८७ मिलिमीटर निघाले. ते शेवटच्या तारखेसमोर लिहिले, शेऱ्यात ‘चार दिवसांचा एकत्र’ असं नमूद केलं. मग वरच्या तीन चौकटींत लाल पेन्सिलीने तीन रेघा मारल्या आणि वही मिटली.